बाजार आधी, वाडा मागाहून

रामबागेतल्या आत्याच्या घरी तांब्याचं एक घंगाळ होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं इंदूरला गेलो की त्यात दोघं दोघं बसून आंघोळ करायचो आणि तिसरा कडेला उभा राहून आपला नंबर कधी येतो म्हणून रडायचा. यंदा डिसेंबरात मी इंदूरला गेले ती ते घंगाळ मोडीत घालायला.

वाडा बिल्डरकडे गेला होता. आत्याला राजेंद्रनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला, तिथल्या बाथरूममध्ये घंगाळ ठेवलं तर माणूस बाहेर उभं राहील एवढीच जागा. मुलगा परदेशात, सून परदेशात. "तू येऊन जा चार दिवस," आत्या फोनवर म्हणाली, "मी एकटी गेले तर तो मला वजनात मारेल." आत्या एम. ए. आहे, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. तिला वजनात मारणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पण तिने बोलावलं याचा अर्थ मी समजले आणि तिकीट काढलं.

पुण्याहून इंदूरची गाडी दुपारी निघते आणि सगळा गुजरात फिरून, बडोदा-रतलाम-उज्जैन करत दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. नकाशात बघितलं तर हा वेडेपणा वाटतो. आमच्या लहानपणी खांडव्याला उतरायचं, तिथून मीटरगेजची छोटी गाडी. ती नर्मदा ओलांडून घाट चढायची, काळाकुंड स्टेशनात पानावर कलाकंद मिळायचा, पाताळपाणीला माकडं खिडकीशी यायची. त्या रेल्वेची एक गोष्ट आत्याचे यजमान नेहमी सांगायचे, आणि ती खरी आहे. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी हा मार्ग व्हावा म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर. राजाने इंग्रजांना कर्ज द्यायचं आणि वर व्याज लावायचं! काका हे सांगताना दरवेळी मांडीवर थाप मारत. "राजा कुठला, वाणीच तो," असं म्हणत आणि त्यात तक्रार नसे, कौतुक असे.

इंदूरच्या राजवाड्यापुढे उभं राहिलं की ते वाक्य मला आठवतं. सात मजली वाडा. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. सज्जे, झरोके, उंच दरवाजा. पुण्यात शनिवारवाड्याचे चौथरे आणि तटबंदी बघून वाढलेल्या माणसाला इथे थोडी असूयाच वाटते, कारण आपल्याकडे कल्पना करावी लागते आणि इथे माडी दिसते. पण इतर राजधान्यांमध्ये महाल बघायला आपण टेकडी चढतो, तळं ओलांडतो, निदान एक लांबलचक रस्ता चालून जातो. इथे दरवाजातून बाहेर पडलं की समोर बाग, तिच्यात अहिल्याबाईंचा पुतळा, आणि पुतळ्याच्या चहूबाजूंनी बाजार. मागे सराफा, बाजूला बर्तन बाजार, कपड्यांसाठी सीतलामाता बाजार, किराण्या-मसाल्यासाठी मारोठिया, वह्या-पुस्तकांसाठी खजुरी बाजार. राजा सज्जात उभा राहिला असता तर त्याला हिंगाचा भाव ऐकू आला असता.

हे असं का, याचं उत्तर इतिहासात आहे आणि सरळ आहे. इंदूरचा बाजार राजवाड्याहून जुना आहे. इथले जमीनदार राव नंदलाल मंडलोई यांनी १७१६ साली दिल्लीच्या बादशहाकडून करमाफीची सनद मिळवली. जकात नाही म्हटल्यावर व्यापारी येणारच. दक्षिणेकडून दिल्लीकडे जाणाऱ्या वाटेवर गाव, काळी जमीन, आसपास कापूस आणि अफू. मराठे आले ते त्यानंतर. नीरेकाठच्या होळ गावच्या धनगराच्या घरात जन्मलेले, खानदेशात तळोद्याला मामाकडे वाढलेले मल्हारराव पेशव्यांचे सरदार म्हणून माळव्यात आले आणि त्यांनी या चालत्या बाजाराच्या मधोमध आपला वाडा बांधला. म्हणजे राजवाड्याभोवती बाजार भरला असं आपण जे म्हणतो ते इथे उलटं म्हणायला हवं. अहिल्याबाई तर इथे राहिल्याही नाहीत. त्यांनी १७६७ ते १७९५ कारभार केला तो नर्मदाकाठच्या महेश्वरातून. इंदूर राजधानी झालं ते १८१८ मध्ये, इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर, होळकरांची तलवार म्यान झाल्यावर. लढाई संपली तेव्हा राजे बाजाराशी येऊन राहिले.

हा वाडा तीनदा जळलाय. १८०१ मध्ये पहिल्यांदा, आणि तो जाळला कुणी? इंग्रजांनी नाही, पेंढाऱ्यांनी नाही. यशवंतराव होळकरांनी उज्जैनला शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला, त्याचा सूड म्हणून शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे इंदुरावर चालून आले, शहर लुटलं आणि वाड्याला आग लावली. पुढच्याच वर्षी यशवंतराव पुण्यावर गेले, हडपसरला पेशवे-शिंद्यांना हरवलं, बाजीराव पळाले आणि वर्ष संपायच्या आत वसईला इंग्रजांच्या तहावर सही करून बसले. शाळेत हा धडा आपण 'मराठेशाहीचा अस्त' अशा मथळ्याखाली शिकतो. इंदुरात तो एका वाड्याच्या जळक्या लाकडाचा हिशोब आहे. गंमत पुढे आहे. हे सर्जेराव कागलचे. आणि शेवटचे राज्यकर्ते महाराज दुसरे यशवंतराव यांची पत्नी संयोगिताबाई, त्याही कागलच्या घाटग्यांच्या. सव्वाशे वर्षांनी त्याच घराण्यातली मुलगी होळकरांची सून झाली. मराठ्यांची भांडणं अशीच असतात. वाडाही जाळायचा आणि सोयरीकही करायची.

दुसरी आग १९०८ ची. तिसरी १९८४ ची, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या दंगलीतली. ती आत्याने पाहिली आहे. रामबागेच्या गच्चीवरून धूर दिसत होता, ती सांगते, आणि पुढे काही सांगत नाही. दर्शनी भाग तगला, मागचा बराचसा गेला. नंतर तो विटा-चुना-लाकूड वापरून जुन्यासारखा पुन्हा उभा केला. आज तिकीट काढून आत गेलं की चौक लागतो, मल्हारी मार्तंडाचं देऊळ लागतं. जेजुरीचा खंडोबा माळव्यात येऊन राजाच्या देवघरात बसला आहे. भंडाऱ्याचा पिवळा डाग उंबऱ्यावर दिसला तेव्हा मला उगाच घरी आल्यासारखं झालं. आत्या बाहेरच्या पायरीवर बसून राहिली. "मला गुडघे आहेत," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच लालबाग बघून आले. होळकर बाजार सोडून लांब राहायला गेले ते या लालबागेत. १८८६ ते १९२१ एवढा काळ बांधकाम चाललं. फाटकं बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवर इंग्लंडात ओतवून घेतलेली. आत नाचाचं दालन, त्याची लाकडी जमीन स्प्रिंगवर बसवलेली, पाय उचलायला बरं पडावं म्हणून. छताला युरोपातल्या देवदूतांची चित्रं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: मुदपाकखाना नदीच्या पलीकडच्या काठावर, आणि तिथून जेवण यायचं ते जमिनीखालच्या भुयारातून. फोडणीचा वास महालात येऊ नये एवढ्यासाठी नदी मध्ये घातली! राजवाड्याच्या सज्जात हिंगाचा वास येत होता, तिथून हे लोक इथवर आले होते.

इथे राहणाऱ्या तिसऱ्या तुकोजीरावांनी १९२६ मध्ये गादी सोडली. आदल्या वर्षी मुंबईत मलबार हिलवर बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला होता, दरबारातून पळालेल्या मुमताज बेगमला धरून न्यायला आलेल्या माणसांच्या हातून. चौकशी नको असेल तर गादी सोडा, असा तो मामला होता. पुढे त्यांनी एका अमेरिकन बाईशी लग्न केलं, ती शर्मिष्ठादेवी झाली. महाराज १९७८ मध्ये पॅरिसला वारले.

त्यांचे चिरंजीव आणखी लांब गेले. माणिकबाग. एकार्ट म्युथेसियस नावाच्या पंचविशीतल्या जर्मन वास्तुकाराकडून १९३० च्या सुमारास बांधून घेतलेला महाल. त्यात कमान नाही, झरोका नाही, सगळं सरळ रेषेत, धातूचं आणि काचेचं फर्निचर, त्या काळात वातानुकूलन. ब्रांकुशी या शिल्पकाराने घडवलेले तीन पक्षी विकत घेतले होते, त्यांच्यासाठी ध्यानमंदिर बांधायचं होतं, ते राहूनच गेलं. १९८० मध्ये महालातलं फर्निचर मोनॅकोत लिलावाला निघालं. आता तिथे केंद्र सरकारच्या कराचं कार्यालय आहे, त्यामुळे आपल्याला फाटकाबाहेरूनच बघावं लागतं. करमाफीच्या सनदेवर वसलेल्या गावातल्या शेवटच्या महालात कर खातं. मी हे आत्याला मोठ्या ऐटीत सांगितलं, राजे बाजारापासून जसजसे लांब गेले तसतसं त्यांचं काही उरलं नाही, वगैरे. ती लसूण सोलत होती. "लांब कसलं," म्हणाली, "रिक्षाने वीस मिनिटं. ट्रॅफिक नसेल तर."

बर्तन बाजारात आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. रिक्षात मागे आम्ही दोघी आणि मांडीवर घंगाळ, पायाशी बंब, दोन पराती, सात कळशा. "सात कशाला होत्या ग?" मी विचारलं. "नळ होता की तुमच्याकडे." तिने आठवून बघितलं. चार लग्नात आलेल्या, एक बोडणाच्या पूजेची, एक शेजारणीची परत द्यायची राहून गेलेली. सातवी आठवेना. गल्ली इतकी अरुंद की दोन्ही बाजूंच्या दुकानांतली भांडी एकमेकांना लागत होती. स्टीलच्या डब्यांच्या उतरंडी, वर टांगलेले पितळी टोप, आणि कुठे तरी आत ठोके. राजवाड्याचा कळस तिथून दोन गच्च्यांच्या फटीतून दिसतो.

दुकानदार मारवाडी, तिसरी पिढी. आत्याला बघताच उठून उभा राहिला. "या बाई, या," स्वच्छ मराठीत. तो तिच्या वर्गात होता, हे तिने मला घरी सांगितलं नव्हतं. वजनात मारेल म्हणाली होती ती कुणाबद्दल ते आता कळलं. त्याने घंगाळ उचललं, बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला, कडांवरून अंगठा फिरवला. तांबं जुनं असलं की आवाज घुमतो, डाग दिलेला असला की बसतो. एका कडीपाशी डाग होता. "बाई, कडी पितळेची आहे. ती वेगळी काढावी लागेल." आत्या म्हणाली, "कडीचं वजन दोनशे ग्रॅम धर, जास्त धरू नकोस." त्याने काट्यावर ठेवलं. सहा किलो आठशे. त्याने आकडेमोड करायला कॅल्क्युलेटर घेतला तोवर आत्याने तोंडी करून टाकली होती. तो हसला आणि कॅल्क्युलेटर खाली ठेवला.

घंगाळाच्या कडेवर टिंबांच्या अक्षरात नाव होतं, आत्याच्या आजेसासूबाईंचं, आणि खाली 'इंदूर' आणि साल. तांबटाने हातोडीने ठोकून काढलेली अक्षरं, 'सौ.' मधला औकार जरा बाजूला गेलेला. "हे वितळवणार का?" मी विचारलं. "नाही ताई, असला माल आता हॉटेलवाले नेतात. रिसॉर्टवाले. त्यात फुलं ठेवतात." आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की तो इयत्ता सहावीत असावा. "फुलं?" "पाणी घालून, बाई. वर फुलं, वर दिवे." ती काही बोलली नाही. पैसे मोजले, पर्समध्ये ठेवले, पर्स बंद करून परत उघडली आणि पुन्हा मोजले.

येताना तिने मला पोहे खाऊ घातले. इंदूरच्या पोह्यांबद्दल पुण्याच्या माणसाने मत देऊ नये हे मला माहीत आहे, तरी देते. हे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, खाली गरम पाण्याचं भांडं. त्यामुळे तासन्‌तास मऊ राहतात. बडीशेप असते. वर शेव, कांदा, लिंबू आणि जीरावण नावाचा आंबट-तिखट मसाला, आणि शेजारी जिलबी. लोक म्हणतात पोहे इकडे मराठ्यांबरोबर आले. आले असतील, पण जिलबीशी त्यांचं लग्न इथेच लागलं आणि माहेरी कुणाला विचारलं नाही. खिचडीचं तर त्याहून पुढचं. साबुदाणा आपण तुपात परततो, दाण्याचं कूट घालतो. इथे तो वाफवतात आणि मोठ्या पातेल्यातून काढून, समोर मसाला, लिंबू, कोथिंबीर आणि वरून फराळी चिवडा टाकून हलवून देतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी आत्याला म्हणाले होते, ही खिचडी नाही, ही भेळ आहे. आता पन्नाशीला आल्यावर कबूल करते की भेळ असेल, पण एकदा खाल्ली की आपली खिचडी जरा गिचका वाटते. हे माझ्या आईला सांगू नये.

भाषेचंही तसंच झालंय. आत्या "मी येऊन राहिले" म्हणते, "तो चालला गेला" म्हणते, रिक्षावाल्याला "भिया" म्हणते आणि मराठी बिघडली म्हणून पुण्याहून कुणी हसलं तर चिडते. या गावात २००१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, विजया राजाध्यक्ष अध्यक्ष होत्या, तेव्हा आत्याच्या वाड्यात अकरा पाहुणे उतरले होते. त्यांतल्या एका गृहस्थांनी जेवताना म्हणे तिच्या क्रियापदांची दुरुस्ती केली. तिने त्यांना दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं नाही. लता मंगेशकरांचा जन्म या गावातला, १९२९ चा, हेही तिने त्यांना तेव्हाच सुनावलं. सी. के. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला, हेही. क्रियापदाशी याचा काय संबंध, असं विचारायची त्यांची छाती झाली नाही.

त्या रात्री सराफ्यात गेलो. दिवसा इथे सोन्याचांदीची दुकानं असतात. आठ-नऊ वाजता शटर पडतं आणि त्याच शटरच्या पुढ्यात, त्याच ओट्यांवर, कढया येतात. रात्री दोन वाजेपर्यंत. यामागचं कारण म्हणून सांगतात की सराफांनीच खाण्याच्या गाड्यांना जागा दिली, लोकांची वर्दळ राहिली म्हणजे दुकान फुटायची भीती नाही. फुकटचे पहारेकरी. खरं असो वा नसो, गोष्ट इंदुराच्या स्वभावाला धरून आहे. अलीकडे मात्र सराफांनाच गॅसच्या टाक्यांची धास्ती वाटू लागलीय, गल्ली अरुंद, गर्दी अफाट, आणि हे सगळं इथून हलवा अशी मागणी अधूनमधून होते. तीनदा आग पाहिलेल्या वाड्याच्या पाठीमागे उभं राहून ती धास्ती खोटी म्हणवत नाही.

पण गराडू तळला जात होता. हा एक कंद, फक्त थंडीत मिळतो. दोनदा तळायचा, वर जीरावण आणि लिंबू. बाहेरून कुरकुरीत, आतून सुरणासारखा पण घशाला न खाजणारा. मग भुट्ट्याचा कीस: मक्याची कणसं किसून तुपात परतून दुधात शिजवलेली. मग शिकंजी, जिचा लिंबाशी काही संबंध नाही, ती दुधाची, आटवलेली, सुक्या मेव्याने घट्ट. आत्या हे सगळं खाऊ शकत नाही. तिला साखर आहे. ती एका बंद दुकानाच्या पायरीवर रुमाल अंथरून बसली आणि मला एकेक ठिकाणी पिटाळत राहिली. तिथलं आण. त्याचं नको, पुढच्याचं. तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे.

"याच दुकानातून माझं मंगळसूत्र केलं होतं," पायरीवर हात ठेवून म्हणाली. "तुझ्या काकांनी भावात घासाघीस केली नाही म्हणून सासूबाई आठ दिवस बोलल्या नव्हत्या."

मग तिने पर्स उघडली, घंगाळाच्या पैशातली पाचशेची नोट काढली. "जलेबा आण." जलेबा म्हणजे जिलबीचा थोरला भाऊ, ताटलीएवढा. मी आणला. तिने कडेचा एक तुकडा मोडला, खाल्ला, बोटं चाटली, आणखी एक मोडला. मी बघत होते. "बघतेस काय," म्हणाली, "बोडणाची कळशी गेली, बंब गेला. उद्या गोळी दोन घेईन."

निघायच्या दिवशी मला गाडीपर्यंत सोडायला येते म्हणाली. स्टेशनवर जायला बर्तन बाजार वाटेवर नाही, तरी तिने रिक्षा तिकडे वळवायला लावली. गल्लीच्या तोंडाशीच थांबलो. दुकानापुढे, रस्त्याच्या कडेला, चिंचेने घासून लालभडक केलेलं घंगाळ उपडं मांडलं होतं. कडी लावलेली होती. नाव पुढच्या बाजूला येईल असं ठेवलं होतं. एक जीन्समधला मुलगा मोबाइलवर त्याचा फोटो काढत होता.

आत्या रिक्षातच बसून राहिली. चष्मा पुसला, घातला.

"जा ग," मला म्हणाली, "केवढ्याला लावलंय ते विचारून ये."